न आलेला पेशंट: पीएसएम आणि फॅमिली मेडिसिन शिकताना या चुका टाळा

"पीएसएम काय, शेवटच्या पंधरा दिवसांत उरकतं." पीएसएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजेच कम्युनिटी मेडिसिन. हॉस्टेलवर हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं, आणि पास होण्यापुरतं ते बऱ्याच जणांच्या बाबतीत खरंही ठरतं. नुकसान होतं ते पुढे. इंटर्नशिपचे बारा आठवडे कम्युनिटी मेडिसिनला काढताना किंवा बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा (पीएचसीचा) चार्ज हातात आल्यावर कळतं, की पाठ केलेल्या याद्या विसरल्या आणि जे खरोखर लागतं ते कधी शिकलोच नाही. मी हा विषय शिकवते. पुढे लिहिलेल्या चुका पोस्टिंगवर, व्हायवात आणि प्रबंधाच्या मसुद्यांत पुन्हा पुन्हा दिसतात. त्यातल्या बहुतेक सहज टाळता येण्यासारख्या आहेत.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. वॉर्डात आपल्याला भेटतो तो आलेला पेशंट. या विषयाचं काम न आलेल्यापासून सुरू होतं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना प्रजनन अवयवांचा कुठला ना कुठला आजार निघाला, आणि आयुष्यात पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दवाखान्याचं रजिस्टर उघडून बसलं असतं तर या बायकांचा पत्ताच लागला नसता. त्या आजार अंगावर काढत होत्या.

दत्तक कुटुंबाच्या पहिल्याच भेटीत होणारी गडबड

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. पहिल्या वर्षापासून प्रत्येकाकडे काही कुटुंबं दिली जातात आणि पुढे त्यांच्याकडे जात राहायचं असतं. कल्पना नवी नाही. १९४६ च्या भोर समितीने डॉक्टर समाजाची जाण असलेला हवा, असं स्पष्ट म्हटलं होतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत तर प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी सुरुवातीला त्या गावात शिबिराला राहतात आणि नंतर नियमित जात राहतात.

आता चूक बघा. बस सकाळी अकराला गावात पोचते. निम्म्या घरांना कुलूप, उरलेल्या घरांत एखादी आजी आणि दोन लहान मुलं. विद्यार्थी आजीला चाळीस प्रश्न विचारतात, फॉर्म भरतात आणि परततात. झाली भेट! त्या घरातली कमावती माणसं, गरोदर सून, शाळा सोडलेला मुलगा यांपैकी कुणीच भेटलेलं नसतं. सोयाबीनच्या काढणीत आणि कापसाच्या वेचणीत दिवसा घरात कुणी सापडणार नाही. बीडसारख्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर गेलात तर अख्खी कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

उपाय साधा आहे. जायच्या आदल्या आठवड्यात आशाताईंना फोन करा आणि विचारा, "ताई, माणसं घरी कधी असतात?" बऱ्याच गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते, त्या दिवशी घरं भरलेली सापडतात. कॉलेजच्या बसची वेळ बदलणं तुमच्या हातात नसेल, पण विभागाला लेखी विनंती करता येते, आणि ती मान्य झाल्याचं मी पाहिलं आहे. जे घर बंद सापडलं त्याची नोंद "कुलूप" एवढीच करू नका. शेजाऱ्यांना विचारून कुठे गेले, किती महिन्यांसाठी, सोबत लहान मूल किंवा गरोदर बाई आहे का, हे लिहा. लसीकरणाची नेमकी तीच मुलं राहून जातात.

दुसरी चूक प्रश्न विचारण्यातली. "घरात कुणाला काही आजार आहे का?" असं विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं, कारण आजार म्हणजे अंथरुणाला खिळणं, असं अनेकांच्या डोक्यात असतं. त्याऐवजी "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं विचारा आणि गोळ्यांची पिशवी बघायला मागा. पिशवीतून बीपीची अर्धी स्ट्रिप निघते.

"आजी, ही रोज घेता का?"

"घेते की. चक्कर आली की घेते."

एवढ्या एका उत्तरात फॅमिली मेडिसिनचा अर्धा धडा आहे. गोळी आहे, निदान झालेलं आहे, सरकारी दप्तरी पेशंट उपचारावर आहे, आणि बीपी मात्र ताब्यात नाही. तंबाखूचंही तसंच. "तंबाखू खाता का?" याला बायका मनापासून नाही म्हणतात. "दात कशाने घासता?" असं विचारा, मग मशेरी निघते. मशेरी तंबाखूचीच असते, पण ती लावणाऱ्या बाईच्या हिशेबी ते व्यसन नसून दात घासणं असतं.

पाळी, पांढरं जाणं, कुटुंब नियोजन, दारू, मारहाण हे विषय सासूसमोर किंवा दिरासमोर काढू नका. पहिल्या भेटीत तर अजिबात नको. जोडीदार विद्यार्थ्याने बाकीच्या घराशी गप्पा माराव्यात आणि विद्यार्थिनीने सुनेसोबत अंगणवाडीपर्यंत चालत जावं. वाटेवरच्या त्या पाच मिनिटांत जे कळतं ते ओसरीवर तासभर बसून कळत नाही. मारहाणीबद्दल काही कळलं तर ते ग्रुपवर टाकू नका, जर्नलात नाव लिहू नका. त्याच दिवशी शिक्षकांशी बोला.

तारखांचा घोळ हा तर स्वतंत्र विषय आहे. "शेवटची पाळी कधी आली?" याचं उत्तर पुष्कळदा "नागपंचमीच्या आसपास" असं मिळतं. ते टाकून देऊन अंदाजे तारीख लिहायची नसते. सोबत दिनदर्शिका ठेवा आणि त्याच वर्षीची तिथी बघा. २०२२ ची नागपंचमी २ ऑगस्टला होती, २०२३ ची २१ ऑगस्टला, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. गेल्या वर्षीची तारीख डोक्यात धरून हिशेब केलात तर प्रसूतीची अपेक्षित तारीख जवळजवळ तीन आठवडे चुकते, आणि मग अपुऱ्या दिवसांचं बाळ कागदावर पूर्ण दिवसांचं ठरतं. मुलांच्या वयासाठीही गावची जत्रा, पोळा, निवडणूक, पूर आला ते साल अशा खुणांची यादी आशाताईंच्या मदतीने एकदाच करून ठेवा. तीन वर्षं कामी येते.

आश्वासनं देऊ नका. "आम्ही ऑपरेशन फुकट करून देऊ" असं उत्साहाने म्हटलेलं वाक्य गाव विसरत नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठले उपचार बसतात, कागद कोणते लागतात आणि हॉस्पिटलात आरोग्यमित्र कुठे बसतो, हे आधी स्वतः जाऊन बघा, मग तेवढंच सांगा. आणि एखाद्या घराने "आम्हाला नको तुमची तपासणी" म्हटलं तर नकार निमूट मान्य करा. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोजीर घराघरांत शिरले, माणसं ओढून नेली, सामान रस्त्यावर फेकलं. साथ खरी होती, उपायांमागे वैद्यकीय कारणंही होती, पण लोकांना विचारात न घेतल्याने शहर पेटलं आणि रँडचा खून झाला. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याने हा इतिहास केवळ स्वातंत्र्यलढ्याचं प्रकरण म्हणून वाचू नये.

मोजायला साधं, चुकायला सोपं

बीपी मोजताना पेशंट नुकताच विहिरीवरून हंडा घेऊन आलेला असतो, तोंडात तंबाखू असते, हात लोंबकळत असतो आणि कफ ब्लाउजच्या बाहीवरून बांधलेला असतो. त्या एका आकड्यावर "हायपरटेन्शन" असा शिक्का बसतो. पाच मिनिटं बसू द्या, हात हृदयाच्या पातळीवर टेकवा, दोनदा मोजा, आणि वाढलेलं निघालं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय निदान लिहू नका. फार जास्त बीपी किंवा सोबत त्रास असेल तर अर्थात थांबायचं नाही, लगेच पाठवायचं.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजतात. उभं करून मोजलीत तर आकडा कमी येतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत त्यात ०.७ सेंटिमीटर मिळवतात. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर सहा महिने ते पाच वर्षांचं मूल तीव्र कुपोषित ठरतं. इतक्या बारीक फरकावर निर्णय असताना टेप सैल धरणं किंवा घट्ट आवळणं परवडत नाही. वजनकाटा प्रत्येक मुलाआधी शून्यावर आणा, अंगावरची कानटोपी-स्वेटर काढा. अंगणवाडीताईंचं वजन आणि तुमचं वजन जुळलं नाही तर लगेच त्यांची चूक धरू नका, एकाच मुलाला दोन्ही काट्यांवर ठेवून बघा.

सामाजिक-आर्थिक स्तर काढताना बी. जी. प्रसाद वर्गीकरण वापरतात. ते १९६१ चं आहे. त्यातल्या उत्पन्नाच्या मर्यादा ग्राहक किंमत निर्देशांकानुसार बदलून घ्याव्या लागतात. सीनियरच्या जर्नलातून उतरवलेल्या मर्यादा वापरल्या की सगळं गाव एक-दोन पायऱ्या वर चढतं. कुप्पुस्वामी वर्गीकरण शहरी कुटुंबांसाठी आहे, खेड्यात लावू नका. आणि शेतकऱ्याला "महिन्याचं उत्पन्न किती?" हा प्रश्नच चुकीचा आहे. वर्षाला पिकं कुठली, विक्री किती, खर्च किती, घरी खायला किती ठेवलं, दूध-कोंबड्या-मजुरी किती, हे विचारून बाराने भागा. ऊसतोड कुटुंबाने घेतलेली उचल उत्पन्नात वेगळी धरलेली मी बऱ्याच जर्नलांत पाहिली आहे. उचल ही कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, आगाऊ मजुरी असते. हंगामभर राबून ती फेडायची असते. तिच्यात हंगामाची मजुरी पुन्हा मिळवलीत की एकच पैसा दोनदा मोजला जातो.

आहाराच्या सर्वेक्षणात "काल काय खाल्लं?" एवढ्यावर थांबू नका. मिठाचं उदाहरण घ्या. घरात महिन्याला मीठ किती लागतं, जेवणारी माणसं किती, एवढं विचारा. पाच माणसांना दीड किलो लागत असेल तर माणशी रोज दहा ग्रॅम झालं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पाच ग्रॅमपेक्षा कमीचा आहे. अर्थात त्यातलं थोडं लोणच्यात, थोडं गुरांना जातं, तेही विचारा. हाच भागाकार तेलाला आणि साखरेला लागू करा. मोकळेपणी विचारलं तर घरातली बाई तुमच्याआधी हिशेब करते. पुस्तकातले जुने आकडेही तपासा: आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० च्या शिफारशींत संदर्भ पुरुषाचं वजन ६० वरून ६५ किलो झालं आणि बैठं काम करणाऱ्या पुरुषाची ऊर्जेची गरज २११० कॅलरी धरली गेली. २३२० लिहिलेलं उत्तर आता जुनं झालं.

पाण्याबद्दल एवढंच सांगते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर जलसुरक्षक टाकीजवळच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, करून दाखवतो, पिवळा रंग येतो, विद्यार्थी फोटो काढतात. तपासणी शेवटच्या नळावर करायची असते. वस्तीच्या टोकाला, जिथे पाणी सगळ्यात उशिरा आणि कमी दाबाने येतं, तिथे क्लोरीन उरलाय का हा खरा प्रश्न. पावसाळ्यात जुलाबाची साथ आली तर केसेस कुठल्या टोकाच्या आहेत ते नकाशावर मांडा, आणि त्याच रस्त्याने पाइपलाइन पायी चालून बघा. गळती बहुधा गटाराशेजारी सापडते.

छेद कुठे गेला?

संख्याशास्त्राला घाबरणारे विद्यार्थी सूत्रं पाठ करतात आणि छेद विसरतात. "आमच्या पीएचसीत या महिन्यात डेंग्यूचे १२ रुग्ण, गेल्या महिन्यात ६, म्हणजे साथ दुप्पट." तपासण्या किती केल्या? गेल्या महिन्यात किट्स होते का? शेजारच्या गावातले पेशंट यात धरले का? लोकसंख्या कुठली घेतली? या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर दुप्पट हा शब्द वापरू नका.

लहान गावाचा बालमृत्युदर काढून गावांची तुलना करणं ही तर नेहमीची चूक. हजार वस्तीच्या गावात वर्षाला समजा पंधरा जन्म झाले. एक बाळ दगावलं तर दर हजारी ६७, एकही नाही दगावलं तर शून्य. एका मृत्यूने गाव राज्यातल्या सर्वांत वाईट गावांत जातं आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम ठरतं. अशा ठिकाणी दर काढण्याऐवजी त्या एका मृत्यूची गोष्ट नीट लिहा: दुखणं कधी सुरू झालं, घरच्यांनी कधी ओळखलं, गाडी कधी मिळाली, कुठे थांबावं लागलं. दर हवाच असेल तर अनेक गावं किंवा अनेक वर्षं एकत्र करा. सर्च संस्थेने गडचिरोलीत घरोघरच्या नवजात शिशुसेवेचा अभ्यास केला तेव्हा त्यात ३९ गावं होती, तुलनेसाठी वेगळी गावं होती, आणि जन्म-मृत्यूची नोंद वर्षानुवर्षं गावातच ठेवली जात होती. म्हणून १९९९ मध्ये नवजात मृत्यूंतली सुमारे ६२ टक्के घट छापून आली तेव्हा जगाने ती मान्य केली. आज आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी देतात, त्यामागे हे काम आहे.

तिसरी गोष्ट चाळणी तपासणीची, आणि इथे मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घालवते. एक टेस्ट घ्या, संवेदनशीलता ९० टक्के (शंभर आजाऱ्यांपैकी ९० पॉझिटिव्ह), विशिष्टता ९० टक्के (शंभर निरोग्यांपैकी ९० निगेटिव्ह). ओपीडीत संशयित पेशंटांपैकी निम्म्यांना आजार असेल तर पॉझिटिव्ह आलेल्या दहांपैकी नऊ जण खरोखर आजारी निघतात. तीच टेस्ट घेऊन गावात जा, जिथे आजार शंभरात एकाला आहे. हजार लोकांत आजारी दहा, त्यातले नऊ पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यातले दहा टक्के म्हणजे ९९ उगाचच पॉझिटिव्ह. एकूण १०८ पॉझिटिव्ह, खरे आजारी ९. शंभरात आठच! शिबिरात "तुम्हाला आजार आहे" असं सांगितलेल्या बाकीच्या ९९ माणसांच्या घरी त्या रात्री काय होतं, याचा विचार करून मग शिबिर आखा. खात्रीची दुसरी टेस्ट कुठे, कुणाच्या खर्चाने आणि किती दिवसांत होणार, हे ठरल्याशिवाय पहिली टेस्ट सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे.

एमडीच्या प्रबंधात नमुन्याच्या संख्येचा घोळ हमखास असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. नमुन्याचं सूत्र असं: ४ गुणिले ५४ गुणिले ४६, भागिले त्रुटीचा वर्ग. "त्रुटी १० टक्के" लिहिलं, पण कशाची? निव्वळ दहा टक्के धरली तर भागाकार शंभरने आणि नमुना सुमारे १०० बायकांचा. ५४ च्या दहा टक्के म्हणजे ५.४ धरली तर ३४१. सारांशात एक, पद्धतीच्या प्रकरणात दुसरं, असं झालं की परीक्षक तिथेच पकडतात. आणि नैतिक समितीची मंजुरी हातात येण्याआधी एकही फॉर्म भरू नका, गाव कितीही ओळखीचं असलं तरी.

फॅमिली मेडिसिन म्हणजे "नुसतं एमबीबीएस" नाही

हा गैरसमज विद्यार्थ्यांच्या मनात इतका घट्ट आहे की फॅमिली मेडिसिनचा डीएनबी (राष्ट्रीय बोर्डाचा पदव्युत्तर कोर्स) तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, हेही अनेकांना ठाऊक नसतं. मोठ्या हॉस्पिटलात रोटेशन करत शिकताना इथे एक मोठी चूक होते: प्रत्येक विभागाचं थोडं थोडं येतं, पण पेशंटकडे पहिल्यांदा बघण्याची पद्धत येत नाही. हॉस्पिटलात पेशंट गाळून आलेला असतो. फॅमिली डॉक्टरकडे तो "अंगात कणकण", "जीव घाबरा होतो", "हातापायाला मुंग्या", "कमजोरी" असं घेऊन येतो, आणि पहिल्या दिवशी अनेकदा निदानाचं नाव देताच येत नाही. तिथे वेळ हेच तपासणीचं साधन असतं. त्यासाठी पुन्हा कधी यायचं हे अचूक सांगता आलं पाहिजे. "बरं नाही वाटलं तर या" हा सल्ला निरुपयोगी आहे. डेंग्यूच्या दिवसांत तापाच्या पेशंटला सांगायचं: "ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. उतरल्यावर पोटात सतत दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, फार ग्लानी आली, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी या, रात्र असली तरी." घरच्यांकडून ते एकदा म्हणवून घ्या. धोक्याचा काळ बरेचदा ताप उतरतानाच सुरू होतो, आणि लोक नेमके तेव्हा कामाला जातात.

"डॉक्टर, सलाईन लावा, कमजोरी आहे." इथे दोन टोकं दिसतात. एक जण वाद नको म्हणून लावून टाकतो, दुसरा फटकारून पाठवून देतो. दोघांनीही कमजोरी म्हणजे काय, हे विचारलेलं नसतं. आधी ते विचारा. झोप? पाळीत जास्त रक्त जातं? शुगर? घरात काही ताण? मग सांगा, की पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरेक कॅलरी, आणि ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त ताकद आहे. सगळे ऐकतील असं नाही. पण जो ऐकतो तो पुढच्या वेळी सलाईन न मागता दुखणं सांगतो.

मधुमेहाच्या पेशंटला ओट्स, ऑलिव्ह तेल आणि ब्रोकोलीचा छापील तक्ता देणं बंद करा. घरात भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात होतो, स्वयंपाक सून करते, आणि सगळ्यांसाठी एकच होतो. मग बोलणं सुनेशी व्हायला हवं: भात किती, चहा किती वेळा आणि त्यात साखर किती, उपवासाला साबुदाण्याऐवजी काय. आषाढी-कार्तिकीच्या उपवासात गोळी किंवा इन्सुलिनचं काय करायचं, हा प्रश्न पेशंट विचारत नाही, कारण "उपवास करू नका" हे उत्तर त्याला माहीत असतं. तुम्ही स्वतःहून काढा. वारीला निघालेल्या माळकऱ्याला इन्सुलिन पेन कसं सांभाळायचं, साखर उतरली तर ओळखायचं कसं, हे जूनच्या आधी सांगून ठेवावं लागतं.

तीन पिढ्यांचा कुटुंबवृक्ष काढताना चौकोन-वर्तुळं सुबक येतात, पण नात्यांचा उपयोग होत नाही. औषध आणायला तालुक्याला कोण जातं, पैसे कुणाच्या हातात असतात, आजीचं ऐकतात की मोठ्या मुलाचं, हे त्या झाडावर लिहा. पुढचा सगळा सल्ला त्यावर ठरतो. ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या मित्रांना आग्रहाने सांगेन, की दुभाष्या मित्रावर तीन वर्षं काढू नका. रोज मराठीची दहा वाक्यं शिका. मेळघाटात गेलात तर मराठी मुलांनाही कोरकू भाषेची तेवढीच गरज पडते.

आशाताईंना घर दाखवणारी वाटाड्या समजणं, ही चूक मला सर्वांत जास्त टोचते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि पुढे गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्या बायकांनी बाळंतपणं केली, मुलांची वजनं घेतली, गावात बसलेले समज बदलले. तुमच्या दत्तक गावातल्या आशाताईंना विचारा, "कुठल्या घरी आम्ही जात नाही, पण जायला हवं?" मिळालेलं नाव लिहून घ्या आणि शिक्षकांच्या परवानगीने त्या घरी जा.

कोर्स निवडताना

एमडी कम्युनिटी मेडिसिन, एमडी किंवा डीएनबी फॅमिली मेडिसिन आणि एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) या तीन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. पहिल्या दोन्ही नीट-पीजीतून जातात. एमपीएच बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, समाजकार्य अशा पार्श्वभूमीच्या लोकांनाही खुली असते, आपल्याकडे मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टीआयएसएस) आणि पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही शिकता येते, पण ती केल्याने पेशंट तपासण्याचा कुठलाही नवा अधिकार मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी त्या संस्थेत फील्डवर्क किती आठवड्यांचं, कुठल्या भागात आणि कुणाच्या देखरेखीखाली होतं, हे मागच्या दोन बॅचच्या विद्यार्थ्यांना विचारा. रँक कमी आली म्हणून कम्युनिटी मेडिसिन घेतलं असेल तर त्यात कमीपणा नाही, पण पहिलं वर्ष पुन्हा नीटच्या तयारीत घालवून प्रबंधाचा विषय घाईत उरकू नका. जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांच्या रेसिडेन्सीत बाकीच्या शाखांचे मित्र ओपीडी करतील. तुम्ही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या बैठकांना बसायची परवानगी मागा. औषधसाठा का संपतो आणि रिक्त पदांचा हिशेब कसा चालतो, ते तिथेच समजतं.

लॉगबुक कोरं आहे आणि परीक्षा महिन्यावर आली आहे?

मित्राचं उतरवू नका. परीक्षक दोन जर्नलांत एकच हिमोग्लोबिन बघून लगेच ओळखतात. एकच कुटुंब निवडा आणि दोन भेटी द्या. पहिल्या भेटीत गोळ्यांची पिशवी, मिठाचा हिशेब, बीपी दोनदा, मुलांची लसीकरणाची कार्डं आणि पाण्याचा नळ एवढंच करा. त्या घरासाठी एकच बदल सुचवा, घरच्यांनीच निवडलेला: आजीची गोळी रोज सकाळी चहासोबत, किंवा पाण्याच्या भांड्याला झाकण आणि ओगराळं. दहा दिवसांनी परत जाऊन तो झाला की नाही बघा. नाही झाला तर का नाही, हे त्यांच्याच शब्दांत लिहा. व्हायवात "हेल्थ एज्युकेशन दिलं" असं सांगणारे पुष्कळ असतात. सुचवलेला बदल का जमला नाही आणि मग आपण काय वेगळं केलं, हे सांगणाऱ्याला परीक्षक पुढचे प्रश्न मनापासून विचारतात.